देवाआधीचं लोणी

आत्या, आपली म्हैस व्यायल्याला काल बारा दिवस झाले आणि मी काल सकाळी कच्च्या दुधाचं पहिलं लोणी काढलं. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. सासूला आत्या म्हणायची तुमच्या घरची रीत मला लग्नानंतर महिनाभर जड गेली होती, आणि आता ही हाक ऐकायला कुणी उरलं नाही, तर ती कागदावर मारते आहे. पत्रं लिहायची मला सवय नाही. कंपनीत इन्स्पेक्शनचे रिपोर्ट लिहिले तेवढंच माझं लिखाण, आणि त्यातही 'ओके' आणि 'रिजेक्ट' या दोन शब्दांवर माझी सगळी नोकरी निघाली. हा कागदसुद्धा कंपनीतलाच आहे, जुन्या चेकशीटची कोरी बाजू. पण काल जे झालं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवेना. सव्वीस वर्षांपूर्वी एक रिजेक्ट माल मी ओके म्हणून पुढे ढकलला होता, त्याचा हा रिपोर्ट समजा.

मी तुमच्या घरात आले तेव्हा मला दुधातलं काय कळत होतं? माझे वडील बीडकडून आलेले, चिखलीत एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचे. आमच्या दोन खोल्यांत दूध म्हणजे अर्ध्या लिटरची पिशवी. तिचा कोपरा कात्रीने कापायचा, दूध ओतून झालं की पिशवीत घोटभर पाणी घालून तीही विसळून घ्यायची. लोणी म्हणजे मला दुकानातलं पिवळं, खारट तेवढं माहीत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तुम्ही डेऱ्यातून पांढराशुभ्र गोळा वर काढलात तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं, "याला रंग कधी येतो?" तुम्ही दोरी सोडली आणि पदर तोंडात कोंबून हसत बसलात. "आगं, रंग दुकानदार लावत्यात. म्हशीला कुठला रंग माहीत, ती सोताच काळी." एवढ्यावर थांबला असतात तर एक वेळ चाललं असतं, पण तुम्ही ते आळीभर सांगितलंत. पुढे दोन महिने मला पाणवठ्यावर बायका विचारत होत्या, काय गं, रंग आला का. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. तोही आत्ताच सांगून टाकते.

मी तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये गेज घेऊन बुशची भोकं तपासणारी. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, संपला विषय. तशाच हिशेबाने मी तुम्हाला विचारायची, आत्या, किती वेळ घुसळायचं? तुम्ही म्हणायचात, "लोनी येस्तवर." लोणी आलं हे कसं कळतं? "आल्यावर कळतंय." असं शिकवणाऱ्या बाईला आमच्या सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. पण महिना दीड महिना तुमच्यासमोर दोरी ओढल्यावर माझ्याही कानाला ते कळायला लागलं. आधी डेऱ्यात नुसती घळघळ चालते, मग आवाज जड होतो, दबका होतो, रवीला कणी दिसते. थंडीत कोमट पाणी, उन्हाळ्यात माठातलं, तेही बेताने, हाताने शिंपडत. आणि मग तुमचा एकुलता एक नियम, जो तुम्ही रोज नव्याने सांगायचात: "लोनी आलं की रवी थांबवायची. हौसंनं फुडं घुसळलं की आलेलं लोनी पुन्हा ताकात जातं." लोण्याचा गोळा तीन पाण्यांनी धुवायचा, तिसरं पाणी नितळ निघेपर्यंत. मग मडक्यात बुडेल इतक्या पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. मडक्यात सोडण्याआधी तुम्ही गोळ्यावर चार बोटं दाबायचात. का, ते तुम्हालाही माहीत नव्हतं, तुमची सासू दाबायची म्हणून. माझ्या तोंडून ऐकलेला 'रिजेक्ट' शब्द तुम्ही उचललात आणि मग घरात सगळंच 'रिजेक' व्हायला लागलं. आंबलेलं ताक रिजेक, करपलेली भाकरी रिजेक, दारात येणारा सोयरा रिजेक.

माझ्या डब्यात तुम्ही एक वेगळी डबी द्यायचात, पाण्यात बुडवलेल्या लोण्याची. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती उघडली की परळीची, खेडची, कोकणातली, सगळ्या बायका आपापल्या भाकरी-चपात्या पुढे करायच्या. माझ्या वाट्याला कधी कधी नुसतं डबीतलं पाणी उरायचं. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं की दुसऱ्या दिवशी डबी मोठी व्हायची. तुम्ही स्वतः मात्र लोणी खात नव्हता. ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या भाकरीवर, पोराच्या भाकरीवर, माझ्या डबीत, आल्यागेल्याच्या ताटात, आणि तुमच्या पितळीत ताक. मी एकदा आग्रह केला तर म्हणालात, "मला न्हाई आवडत बाई, तोंड चिकाट होतंय."

या घरात तुमच्यावर हुकूम चालवणारी एकच व्यक्ती होती, मामांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती आणि आम्ही सगळे तिला मावळणबाई म्हणायचो. सुनेने कंपनीत जावं हे तिला कधी पटलं नाही. मी पहाटे सहा सीटर रिक्षा पकडायला निघाले की ती ओट्यावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, शेण कोन काढनार, कंपनी का? तुम्ही आतून उत्तर द्यायचात, "मी हाय की." तिच्या जोडीला घरात म्हशीचा सोवळा दंडक होता. चीक संपून दूध निवळलं की बाराव्या दिवशी पहिलं लोणी काढायचं. एरवी दूध गोवऱ्यांच्या आचेवर तापवून मग विरजायचं, पण या दिवशीच्या दुधाला विस्तव दाखवायचा नाही. धारेचं दूध गाळून तसंच कच्चं विरजायचं, घरच्या कर्त्या बाईने घुसळायचं, आणि सांजेला तो गोळा शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला ठेवायचा. देवाचं झाल्याशिवाय घरातल्या कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर म्हैस पान्हा चोरते.

सव्वीस वर्षांपूर्वी म्हैस व्यायली, त्या वेताच्या बाराव्या दिवशी मी पहिली पाळी करून साडेतीनला घरी आले. मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये कळलं तर काढून टाकतील ही एक भीती, आणि घरात कळलं तर मावळणबाई नोकरी सोडायला लावेल ही दुसरी. चार दिवस पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी मशीनच्या तेलाचा वास आला की मी मोरीकडे पळायची, पित्त झालं म्हणून सांगायची. तुम्ही गूळ आणायला गेला होता, पुरण घालायचं होतं. मामा रानात. मावळणबाई ओट्यावर आडवी. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि कोनाड्यातल्या मडक्यावरचं झाकण उचललं. का उचललं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या लोण्याला गवताचा वास होता, ओल्या, नुकत्या कापलेल्या गवताचा, आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटात मळमळलं नाही. एक बोट घेतलं. ते आत राहिलं. मग दुसरं. मी उभी राहून खात होते, आत्या, भाकरी नाही, मीठ नाही, आणि मला रडू येत होतं कारण ते पोटात राहत होतं. भानावर आले तेव्हा गोळ्याचा एक गाल गेला होता. मग मी केलं ते खरं पाप. तुम्हीच शिकवल्याप्रमाणे तळहात ओला करून गोळा गोल केला, वर माझी चार बोटं दाबली आणि झाकण ठेवलं. दोष शोधून पोट भरणाऱ्या बाईला दोष झाकताही येतो.

तुम्ही गूळ घेऊन आलात, मडकं उघडलं, बघितलं. माझी बोटं तुमच्या निम्म्या जाडीची, हे मला सुचलंच नव्हतं. झाकण परत ठेवलंत. माझ्याजवळ आलात. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मी काढायला विसरले होते आणि त्याच्या प्लॅस्टिकवर, नेमका माझ्या फोटोवर, लोण्याचा अख्खा अंगठा उमटला होता. तुम्ही पदराने तो पुसलात. "फोटो दिसत न्हाई तुजा," एवढंच म्हणालात, आणि पुरण शिजवायला बसलात. सांजेला तो गोळा तसाच म्हसोबाला गेला. मी हात जोडून तुमच्या मागे उभी होते आणि देवापेक्षा तुमच्या पाठीकडे जास्त बघत होते.

चौथ्या दिवशी म्हशीने लाथ मारून दुधाची कासंडी पाडली. पाचव्या दिवशीही तेच. दूध निम्म्यावर आलं. मावळणबाईने सगळ्यांना गोठ्यापुढे बोलावलं. मामा खाटेवर, तुमचा मुलगा नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत, आणि मी कामावर जायच्या कपड्यांत, कारण त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती.

"देवाचं कुनी खाल्लं?" तिने विचारलं. मग ती माझ्याकडे वळली. "मी आडवी व्हते. डोळा मिटला म्हनून कान मिटत न्हाई. झाकन वाजलं व्हतं. घरात ही एकलीच. रीत न्हाई, भात न्हाई, कंपनीतनं आली ती तशीच मडक्याला. उद्यापासनं कंपनी बंद. घरात बसून शिकू द्या जरा."

मामांनी मान हलवली. ती 'बघू' होती की 'बरं' होती हे मला आजही माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की उद्या दुपारी सहा सीटर येईल, हॉर्न वाजवेल आणि निघून जाईल. बोलले असते तर नोकरी गेली असती, नाही बोलले तरी जाणारच होती. तेवढ्यात तुम्ही पेंडीचं घमेलं खाली ठेवलंत.

"मी खाल्लं," तुम्ही म्हणालात.

"तू?"

"व्हय. झाकन मीच वाजवलं. गूळ आनायला जायच्या आदी. जीभ हाय, चळली."

"ह्या वयात?" मावळणबाईचा विश्वास बसेना.

"मंग काय करू. म्हातारपनी डोहाळं लागलं मला."

मामा हसले. तुमचा मुलगाही हसला. मावळणबाई हसली नाही. आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण तो शब्द कुणासाठी होता हे मला कळलं. तुम्हाला ठाऊक होतं. लोण्याचंही आणि त्याच्या आतलंही.

मावळणबाईने शिक्षा लगेच दिली. यापुढे पहिल्या लोण्याला तुमचा हात लागायचा नाही, म्हसोबाला जाताना तुम्ही मागे थांबायचं, दोरी सुनेने धरायची. म्हणजे ज्या हाताने खाल्लं त्याच हातात मान आला. जनावरांचे डॉक्टर दोन दिवसांनी आले, त्यांनी म्हशीच्या एका सडाला पडलेली चीर दाखवली, मलम दिलं, आठवड्यात म्हैस पहिल्यासारखी दूध द्यायला लागली. पण शिक्षा काही मागे घेतली गेली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी मी स्वतः धार काढायला लागले तेव्हा ध्यानात आलं की सडाची चीर धार काढणाऱ्या बोटांना पहिल्याच दिवशी कळते. तुम्ही रोज दोन वेळा धार काढत होता. म्हैस का लाथ मारते हे तुम्हाला माहीत असतानाही तुम्ही 'मी खाल्लं' म्हणालात. चीर दाखवली असती तर म्हैस सुटली असती, मी सुटले नसते. झाकणाचा आवाज तर झालाच होता.

त्या शिक्षेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात लोण्याच्या दोन डब्या होत्या. एकीवरचं झाकण तुम्ही इतकं घट्ट लावलं होतंत की ते उघडायला मला शॉपमधल्या फिटरला हाक मारावी लागली.

त्या नोकरीने मला काय दिलं हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, तरी मला सांगू द्या, कारण तुम्ही असताना मी ते धड सांगितलं नाही. मी त्या वर्कशॉपमधून चाकणच्या मोठ्या कंपनीत गेले, लाईनवर उभी राहणारी होते ती लाईनची इनचार्ज झाले. तुमच्या मुलाची कंपनी वर्षभर बंद होती तेव्हा या घरात चूल माझ्या पगारावर पेटली आणि कुणालाही कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. तुमचा नातू शिकला. तुमच्या दुखण्यात कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे मी ठरवलं, कुणाची परवानगी न घेता. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे मी माणूस म्हणून ताठ झाले. आज लाईनवरची एखादी पोरगी चूक झाकायला बघते तेव्हा मी तिच्यावर ओरडत नाही, तिला बाजूला घेते आणि विचारते, जेवलीस का? माझ्या हाताखालच्या पोरींना वाटतं मी फार समजूतदार आहे. ती तुमची उसनवारी आहे.

आणि तुमच्या वाट्याला काय आलं? आळीत तुम्ही 'लोणीखाऊ' झालात. आधी कुजबूज, मग टोमणा, मग नुसता विनोद. हळदीकुंकवाला एखादी म्हणायची, हिच्यापास्नं लोन्याचं मडकं लांब ठेवा गं. तुम्हीही हसायचात. माझा मुलगा बोलायला लागला तेव्हापासून त्याला ही गोष्ट पाठ, आमच्या आजीनं देवाचं लोणी खाल्लं होतं. तुमच्या मांडीवर बसून तो ती तुम्हालाच सांगायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "मंग? लई गोड व्हतं." मी तेव्हा भांडी घासत असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझी भांडी त्या दिवशी जरा जास्तच लख्ख निघायची.

एकदा प्रयत्न केला होता, आठवतं? तुमचं शेवटचं वर्ष. हात थरथरायचा म्हणून मी तुम्हाला चमच्याने ताक पाजत होते. मावळणबाई बाहेर होती, नव्वदीला टेकलेली, पण कान तसेच. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी मडक्यातलं…" तुम्ही माझा चमच्याचा हात धरलात. "रवी थांबव, पोरी," म्हणालात. "लोनी आलं की थांबायचं, सांगितलंया ना." मी थांबले. तेव्हा मला वाटलं, तुम्ही माफ केलंत. आता वाटतं, तुम्ही माफ केव्हाच केलं होतं, मी त्या वाक्याचा आडोसा केला. तुम्ही गेल्यावर दहाव्याला मावळणबाईने काठी टेकत येऊन पिंडाशेजारी लोण्याचा गोळा ठेवला. "तिला लई आवडायचं," ती म्हणाली आणि मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. सगळी आळी तिथे होती. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. ज्या बाईने जन्मभर ताक-भाकर खाल्ली तिच्यासमोर लोणी ठेवलं जात होतं, आणि मी ते सरळ दिसावं म्हणून त्याखालचं पान नीट केलं.

आता काल. मावळणबाई गेली, मामा गेले. शेतावर कंपनी उभी आहे. म्हसोबा मात्र हलला नाही, कंपनीच्या भिंतीला त्याच्यापुरतं वळण घ्यावं लागलं. आता त्याला ट्रकवाले नारळ फोडतात आणि गेटवरचा वॉचमन शेंदूर लावतो. आमच्या दारात एकच म्हैस, तुमच्या मुलाच्या हट्टापायी. नातू आणि त्याची बायको पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये राहतात. सून तळवड्याला काचेच्या ऑफिसात जाते. माझं जुनं वर्कशॉप होतं तिथून तिची इमारत दिसते. लग्नाला वर्ष झालं, पण व्यायलेली म्हैस तिने पहिल्यांदाच बघितली. काल रविवार म्हणून दोघं आली होती. मी सकाळी लोणी काढलं, चार बोटं दाबली, मडकं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं आणि अंघोळीला गेले. तिला दंडक सांगायचा राहून गेला. बाहेर आले तर ती हातात पाव घेऊन उभी.

"मम्मी, हे बटर कसलं भारी आहे," ती म्हणाली. "मी ब्रेड भाजून लावलं. दोन स्लाईस खाल्ले."

नातू दारात होता. "अगं, ते देवाचं होतं," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. पण आत्या, ती गप्प बसली नाही, झाकण लावलं नाही, गोळा गोल केला नाही. "सॉरी मम्मी, मी खाल्लं. मला माहीत नव्हतं," ती तिथल्या तिथे म्हणाली. "आता काय करायचं? मी जाऊन देवाला सांगू का?" इतकं सोपं असतं ते. 'मी खाल्लं.' तुम्ही माझ्यासाठी ते उसनं म्हणालात, ती स्वतःसाठी म्हणाली, आणि माझ्या जिभेवर ते सव्वीस वर्षांत आलं नाही. तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं, हा फरक आहेच, पण तेवढाच नाही.

मी चहा गाळत होते. तिला धीर द्यायचा होता. मनात आलं, आता सांगावं, अगं, मीसुद्धा एकदा. तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, "काही होत नाही. तुझ्या आजेसासूनंही एकदा खाल्लं होतं."

"हो, ती आजीची गोष्ट सांगितली होती ना मी तुला," नातू हसला.

"त्याच आजी?" तिचा चेहरा पुन्हा फुलला. "मग मी त्यांच्यावर गेले."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणतात. मी काल त्यांतली एक निघाले, तेही हातात गाळणी धरून. सांजेला उरलेला गोळा घेऊन आम्ही म्हसोबाला गेलो. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि खरोखरच 'सॉरी' म्हणाली. वॉचमन बघत राहिला. म्हशीने आज सकाळी कासंडी भरून दूध दिलं, फेसासकट.

ती पुढच्या रविवारी परत येणार आहे. लोणी कढवून तूप कसं करतात ते शिकायचं म्हणते, तळाशी उरलेली बेरी साखर घालून खायची तर आताच ठरवून गेली आहे. तेव्हा तिला सगळं सांगेन, असं इथे लिहिणार होते, पण पेन थांबलं. या कागदावर तरी तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. सांगेन की नाही, मला माहीत नाही. कागद घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवते. तो डबा या घरात माझ्याशिवाय कुणी उचलत नाही.

एक मात्र कबूल करते. ती 'मी त्यांच्यावर गेले' म्हणाली तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याच्या आधी हेवा वाटला. ती माझ्यावर गेली आहे आणि लाड तुमचे होतात. देवाचं लोणी मी खाल्लं होतं, आत्या. तुम्हाला तर ते आवडायचंही नाही.